शिकाऊ गाडीच्या पाठीवर

मी कॅरियर बोलतोय. सायकलच्या मागे असतो, ज्यावर दप्तर नाहीतर धाकटं भावंड बसतं, तो मी नव्हे. सायकलीच ज्याच्या अंगावर बसून गावाबाहेर हवा खायला जातात, तो मी. मोटारीच्या डिकीला मला पट्ट्यांनी बांधतात. वाकवलेल्या दोन नळ्या, पुढे काढलेले दोन हात, हातांवर रबरी खोबण्या आणि आकडे लावलेले पट्टे, एवढाच माझा संसार.

स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही. कारखान्यात ज्या यंत्रानं मला वाकवलं, त्यानंच ही खोड लावली असावी. वाकवलेल्या नळीला सरळ व्हायचं असतं आणि ताणलेल्या पट्ट्याला सैल व्हायचं असतं. या दोघांच्या ओढाताणीवरच मी उभा असतो. तेव्हा माझी गोष्ट ऐकताना मी जरा घाईत वाटलो, तर सांभाळून घ्या.

कारखान्यातून मी एका सायकलच्या दुकानात आलो आणि भिंतीवर टांगला गेलो. जन्म फिरण्यासाठी आणि नशिबी भिंत! पंखा सुरू झाला की माझे पट्टे हलायचे आणि मला वाटायचं, निघालो. पंखा बंद झाला की पुन्हा भिंत.

माझ्या एका बाजूला टपावरचा कॅरियर होता. मोठा रुबाबदार. सायकली डोक्यावर उभ्या धरायच्या, म्हणजे मिरवणूकच. पण माणसं विसरभोळी. डोक्यावर सायकली आहेत हे विसरून ती थेट गॅरेजच्या दारात गाडी घालतात. त्याचा एक भाऊबंद असाच कंबर मोडून दुकानात परत आला होता. दुसऱ्या बाजूला गाडीखाली हूक बसवून त्यावर उभा राहणारा होता, अंगानं थोराड आणि कमी बोलणारा. आम्हा तिघांना बघायला गिऱ्हाइकं यायची. नवरे विचारायचे, "वजन किती पेलतो?" बायका विचारायच्या, "काढायला-घालायला किती वेळ लागतो?" मग दोघं बाहेर जाऊन गाडीकडे बघत उभी राहायची आणि "विचार करून येतो" म्हणून निघून जायची. नक्की जायचंय कुठे, हे कुणी विचारताना मी ऐकलं नाही.

अशातच एक दिवस सर आणि वहिनी आले.

सर म्हणजे गावातल्या ड्रायव्हिंग स्कूलचे सर. आमचा दुकानदारही गाडी त्यांच्याकडेच शिकलेला, त्यामुळे त्यांना बघताच तो ताडकन उभा राहिला. सरांच्या बायकोला तो वहिनी म्हणायचा. वहिनी शिवणकाम करायच्या. दुकानात आल्या तेव्हाही टेप गळ्यातच होती. बाहेर त्यांची गाडी उभी होती. टपावर स्कूलची पाटी, मागच्या काचेवर शिकाऊ गाडीची खूण आणि आत डाव्या बाजूला सरांसाठी वेगळा ब्रेक. शिकणारा गांगरला की सर डाव्या पायानं आपला ब्रेक दाबायचे आणि वर तोंडानंही दाबायचे. त्यांची ती आरोळी अख्ख्या गावाला पाठ होती.

"सर, तब्येत कशी आहे आता?" दुकानदारानं विचारलं.

"मला काय झालंय?" सर म्हणाले.

"काय झालंय विचारतायत!" वहिनी म्हणाल्या. "शिकवता शिकवता छातीत कळ आली. त्या शिकणाऱ्या पोरीनं गाडी सरळ दवाखान्याच्या दारात नेली म्हणून निभावलं. आणि हे तिला वाटेत काय सांगत होते, माहितीये? इंडिकेटर दे!"

"दिला नव्हता तिनं," सर म्हणाले.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा माणूस आयुष्यभर बसून राहिलाय, आता पाय हलले नाहीत तर पुढच्या वेळी दवाखान्यात पोचेलच असं नाही. चालून सरांचे गुडघे दुखायचे. म्हणून सायकल. सायकली घरात दोन होत्या, एक सरांची जुनी दांडीची आणि एक वहिनींची, बिनदांडीची. मग घोडं कुठे अडलं होतं? तर गावात सायकल चालवायला सर तयार नव्हते. तरुणपणानंतर सायकलला पाय लावला नव्हता, झोक जाणार हे त्यांना ठाऊक होतं. ज्या गावाला आपण "स्टिअरिंग सरळ धर" म्हणून झापलं, त्या गावासमोर वेडंवाकडं जायचं? वहिनींनी त्यावर तोड काढली होती. गावापासून लांब तळ्याकाठी एक मोकळा रस्ता होता, तिथे सरांना ओळखणारं कुणी नव्हतं. सायकली तिथवर न्यायच्या, म्हणून कॅरियर.

दुकानदारानं आधी टपावरचा दाखवला.

"छे! टपावर माझी पाटी आहे," सर म्हणाले.

"सुट्टीच्या दिवशी काढून ठेवू," वहिनी म्हणाल्या.

"पाटी काढली की लोक म्हणतील, सरांचं आटोपलं."

मग हूकवाला. "गाडीखाली वेल्डिंग? माझ्या गाडीला?" सरांनी असं तोंड केलं की तो थोराड बिचारा भिंतीला आणखी चिकटला.

मग माझी पाळी आली. मला भिंतीवरून काढताना माझे पट्टे नुसते थरथरत होते. वहिनींनी गळ्यातली टेप काढली, आधी माझं माप घेतलं, मग बाहेर जाऊन डिकीचं. छाती, कंबर, उंची घेतात तसं. "बसतोय," त्या म्हणाल्या.

"ओरखडे येतील," सर म्हणाले. "नंबर झाकला जाईल. मागची शिकाऊची खूण दिसणार नाही. पट्टा तुटला तर? आणि हे रबर किती दिवस टिकणार? आपण जरा विचार करू."

वहिनींनी टेप गुंडाळली. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "अहो, तुम्ही कॅरियर निवडत नाही आहात. दिवस ढकलताय. तुम्ही रात्री कूस बदललीत तरी मी दचकून उठते. श्वास चालू आहे ना, बघते आणि मग पडून राहते. मला नाही आता विचार करायला वेळ."

दुकानदार उगाच एका सायकलची घंटी पुसू लागला. सरांनी माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "घे मग." दुकानदार दबकत म्हणाला, "वहिनींच्या सायकलला दांडी नाही. ती याच्यावर तिरकी लटकेल. सीट आणि हँडलच्या मधे लावायची आडवी नळी मिळते, ती पण देऊ का?" पण सरांचा संयम संपला होता. "नळीबिळी काही नको," म्हणून त्यांनी मला काखेत मारलं.

पहिल्या फेरीची सकाळ मला अजून आठवते. माझे पट्टे डिकीच्या कडांना लागले, माझ्या दोन्ही हातांवर सरांची सायकल आडवी बसली, तिच्यामागे वहिनींची. ती दुकानदार म्हणाला होता तशीच तिरकी लोंबत होती आणि तिचं पुढचं चाक गाडीच्या डाव्या अंगानं बाहेर डोकावत होतं. पण मला त्याचं काय! गाव मागे पडलं, हायवे आला आणि पहिल्यांदाच खरा वारा माझ्या नळ्यांतून वाहू लागला. माझे पट्टे गुणगुणू लागले. भिंतीवर काढलेले सगळे दिवस मी एका झटक्यात विसरलो.

गाडी सर चालवत होते. वहिनी डावीकडे बसल्या होत्या, म्हणजे सरांच्या नेहमीच्या जागेवर. त्यांच्यासमोर शिकवणाऱ्यासाठीचा जादा आरसा आणि पायांशी तो दुसरा ब्रेक. मागच्या काचेतून, सायकलींच्या फटीतून, मला आतलं दिसत होतं. वहिनींचं रस्त्याकडे लक्षच नव्हतं. त्या आरशात डोळे लावून बसल्या होत्या. बाहेर डोकावणारं ते चाक वाऱ्यानं गरागरा फिरत होतं, माझ्या पट्ट्याचं एक मोकळं टोक फडाफडा डिकीवर आपटत होतं आणि प्रत्येक फटक्याला वहिनी अंग चोरत होत्या.

"अहो, सायकल पडतेय!"

"पडत नाही. वाऱ्यानं हलतेय."

"पडतेय म्हणते ना!"

आणि वहिनींनी ब्रेक दाबला. सरांचा, डावीकडचा. सगळा जीव एकवटून दाबला.

गाडी हायवेच्या मधोमध खिळली. मागचा ट्रक कर्कश भोंगा वाजवत अगदी अंगाला घासून पुढे गेला. मला तर वाटलं, संपलं. दोन्ही सायकली माझ्यावरून पुढे झेपावल्या आणि सरांच्या सायकलचं पेडल डिकीच्या पत्र्यात घुसलं. पडलं काहीच नाही. मी दोघींना घट्ट धरून होतो, पण माझं कौतुक करायला तिथे भानावर कोण होतं?

गाडी कडेला घेऊन सर उतरले. पत्र्याला चांगला वाटीएवढा पोचा आला होता. सरांचा हात छातीकडे गेला. वहिनी धावत आल्या. सर खिशातून चष्मा काढत होते. पोचा नीट दिसावा म्हणून.

"ब्रेक कुणी दाबला?"

"मी."

"का?"

"तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, शंका आली की दाबायचा!"

"मी शिकवताना सांगतो! गाडी मी चालवत होतो! मला गाडी येते!" सरांची आरोळी शेतांवरून घुमली. सरांनी गाडी वळवली. तळं आम्हाला दिसलंही नाही.

मग माझे वाईट दिवस सुरू झाले. घरालगतच्या अरुंद गॅरेजात, शिडीशेजारी, सरांनी मला खिळ्याला अडकवलं. सगळा दोष माझ्या माथी आला. कुणी विचारलं की सर सांगायचे, "सायकलिंग करणारच होतो हो, पण कॅरियरच भिकार निघाला." चूक माझी नव्हती, हे मी ओरडून सांगितलं असतं. पण माझा आवाज वारा लागल्याशिवाय निघत नाही आणि गॅरेजात कसला आलाय वारा! सकाळी गाडी बाहेर जायची, दुपारी जेवणापुरती घरी यायची, पुन्हा जाऊन संध्याकाळी परत यायची आणि मी भिंतीवरून तिच्या डिकीवरचा तो पोचा बघत राहायचो. सर दवाखान्यातून आले की दारातलं बोलणं कानावर पडायचं. गोळी वाढवली. पुन्हा वाढवली. "करतो ना, पुढच्या आठवड्यापासून करतो," सर म्हणायचे आणि जिना चढताना मधेच थांबायचे. त्यांचं ते थांबणं मला खालून ऐकू यायचं आणि मला अगदी कसंतरी व्हायचं. ज्या कामासाठी मला आणलं, ते राहिलं होतं.

वहिनी मात्र दुपारी, सर डोळा लागून पडले की, गॅरेजात यायच्या. सुरुवातीला मला वाटलं, रडायला येतात. कारण त्या गाडीत बसायच्या, चालवणाऱ्याच्या जागेवर, आणि काचा लावून घ्यायच्या. मग बघितलं तर बंद गाडीचा गिअर पुढे-मागे करत ओठांत काहीतरी पुटपुटत असायच्या. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, अशी शंका मला आली. कधी येताना त्या सुईदोरा आणायच्या आणि मला मांडीवर घ्यायच्या. माझ्या लोखंडी आकड्यांना त्यांनी जाड कापडाच्या टोप्या शिवल्या, पत्र्याला ओरखडा येऊ नये म्हणून. पट्ट्यांच्या मोकळ्या टोकांना अडकवायला लूप शिवले, फडफडू नये म्हणून. आणि एक दिवस दुकानातून ती आडवी नळीही आली. माझ्या अंगावर इतक्या मायेनं आजवर कुणी हात फिरवला नव्हता.

एका सुट्टीच्या सकाळी वहिनींनी मला खिळ्यावरून काढलं आणि स्वतः डिकीला बांधलं. आपल्या सायकलला नळी लावली. दोन्ही सायकली आता ताठ, सरळ. पट्टे ओढून बघितले, पुन्हा ओढले. तेवढ्यात सर दारात आले.

"हे काय चाललंय?"

"तळ्यावर जायचंय. चला."

"मी नाही येत. त्या कॅरियरवर माझा भरवसा नाही."

"नका येऊ. मी जाते."

सर हसले. "आणि गाडी कोण चालवणार? मी?"

वहिनींनी दार उघडलं आणि उजवीकडे बसल्या. सीटचा पट्टा लावला, आरसा आपल्या उंचीला केला. सरांचं हसू तिथेच राहिलं. लग्नानंतर सरांनी वहिनींना शिकवायचा एकदा प्रयत्न केला होता. त्या दोन वळणांतच रडत उतरल्या आणि पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, हे घरातलं जुनं हसण्यावारी नेलेलं प्रकरण होतं.

"लायसन्स?" सरांनी विचारलं.

वहिनींनी पर्समधून काढून दाखवलं.

"शिकलीस कुठे?"

"चौकापलीकडच्या बाईंकडे."

आता चौकापलीकडच्या बाई म्हणजे सरांच्या स्पर्धेतलं दुसरं ड्रायव्हिंग स्कूल. त्यांच्या हळू बोलण्यावर सर नेहमी म्हणायचे, ही गाडी शिकवते की अंगाई गाते. ड्रायव्हिंगच्या सरांची बायको आणि शिकली कुठे, तर तिथे! सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. चिडावं, लाजावं की हसावं, हेच त्यांना ठरवता येईना.

"माझ्याकडे का नाही आलीस?"

"त्या ओरडत नाहीत," वहिनी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि समजा पुन्हा तुमच्या छातीत कळ आली, तर त्या वेळी शेजारी गाडी चालवता येणारं कुणी असेलच असं नाही. मी तरी असेन."

सरांनी मागे येऊन माझे पट्टे ओढून बघितले. मग "गाडी माझी आहे, एकटी कशी सोडू," असं काहीतरी बडबडत डावीकडे येऊन बसले.

गाव संपेपर्यंत सरांचा पाय ब्रेकच्या वर तरंगत होता. "इंडिकेटर," ते म्हणायचे. "दिलाय," वहिनी म्हणायच्या. "ट्रक!" "दिसलाय." हायवे आला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अहो, पाय मागे घ्या." सरांनी आज्ञाधारक मुलासारखे दोन्ही पाय सीटखाली ओढले. गेल्या वेळची जागा आली आणि गेली. माझ्या पट्ट्यांची टोकं लुपात गप्प होती. मी पुन्हा गुणगुणू लागलो, पण या वेळी जरा बेतानं.

तळं आलं. वहिनींनी गाडी तळ्याकडे तोंड करून लावली, म्हणजे माझं तोंड रस्त्याकडे. सायकली उतरल्या. सर बसले तसे भेलकांडले. वहिनींनी मागून सीट धरली.

"सोडू नकोस! सोडू नकोस हं!" अख्ख्या गावावर ओरडणारा माणूस ओरडत होता.

"नाही सोडत. समोर बघा," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी चौकापलीकडच्या बाईंसारखा.

थोड्या वेळानं हँडल सरळ झालं. सर एकटे निघाले, वहिनी आपल्या सायकलवरून त्यांच्या मागे. रस्ता तळ्याच्या कडेनं जाऊन एक छोटा चढ चढत होता आणि चढापलीकडे दिसेनासा होत होता. वहिनी चढापाशी दमल्या आणि मागे फिरल्या. सर चढून पलीकडे गेले.

मी गाडीच्या पाठीवर रिकाम्या हातांनी उभा. वहिनी आल्या, सायकल टेकवली आणि माझा हात धरून उभ्या राहिल्या. वेळ जात होता. चढावर कुणी दिसेना. वहिनींची बोटं माझ्या नळीवर आवळत चालली होती. त्यांनी गाडीची किल्ली काढली, पुन्हा ठेवली. इतके दिवस मी फिरायला तडफडत होतो. त्या वेळी मात्र वाटलं, परत दोन्ही सायकली अंगावर येऊ देत, मग हवं तर जन्मभर खिळ्याला राहीन.

मग चढाच्या माथ्यावर डोकं दिसलं. सर वेगानं खाली येत होते, शर्ट फुगलेला. आमच्यापाशी येऊन थांबले. हात चेनच्या ग्रीसनं काळे, घाम कपाळावरून निथळत होता, श्वास मोठा, पण नियमित.

"कुठे होतात?"

"चेन पडली होती. बसवली." सर हसत होते. "अगं, तो उतार आहे ना, अख्ख्या उतारावर मी ब्रेक दाबला नाही. एकदाही नाही!"

"वेड लागलंय का तुम्हाला!" वहिनी ओरडल्या, सरांनाही कधी जमलं नसतं इतक्या मोठ्यानं. आणि मग माझ्याच खांद्यावर डोकं टेकून रडू लागल्या. सर काळे हात मागे धरून उभे राहिले, कारण वहिनींच्या पाठीवर ठेवावेत तर कपडे खराब होतील.

या गोष्टीला आता पुष्कळ दिवस झाले. माझे पट्टे उन्हानं विटले आहेत, एका खोबणीचं रबर गेलं, तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय. सरांच्या गोळ्या कमी झाल्या. जिना ते न थांबता चढतात, मी गॅरेजातून कान लावून ऐकतो. डिकीवरचा पोचा सरांनी दुरुस्त करून घेतला नाही. शिकायला येणाऱ्यांना ते तो दाखवतात आणि म्हणतात, "हा उगाच दाबलेला ब्रेक." दाबला कुणी, ते सांगत नाहीत.

तुम्हीही कधी दुकानात आमच्यासमोर उभे राहाल. तेव्हा एवढंच मागणं आहे, फार दिवस विचार करू नका. टपावरचा घ्या, हुकाचा घ्या, माझ्यासारखा घ्या, पण कुणासाठी आणि कुठे जायचंय ते आधी आठवा. थोडं अंतर गेल्यावर एकदा थांबून पट्टे ओढून बघा. आणि काम झाल्यावर आम्हाला भिंतीकडे तोंड करून अडकवू नका, आम्हाला जीव आहे.

बाकी माझं सुखात चाललंय, पण स्वस्थपणा काही आला नाही. वहिनींनाही आलेला नाही. अजूनही दर सुट्टीला त्या चढापाशी मागे फिरतात आणि माझा हात धरून उभ्या राहतात. चढाच्या माथ्यावर सर दिसतात, हात उंच करतात आणि उताराला लागतात. तेव्हा सर ब्रेक दाबत नाहीत. वहिनींचा पाय मात्र इथे, मातीवर, घट्ट दाबला जातो आणि सर थांबेपर्यंत उचलला जात नाही.